सात पेट्या आणि एक फ्लॉपी

गेल्या पावसाळ्यात धर्मगुरुनिवासाच्या भिंतीला ओल आली आणि माझ्या खोलीतले लाकडी कपाट जागेवरून हलवावे लागले. मदतीला आलेल्या वेदीसेवक मुलांनी आधी ग्रंथ काढले, मग प्रवचनांच्या वह्या काढल्या, आणि शेवटी खालच्या कप्प्यातून एकामागून एक अशा पुठ्ठ्याच्या सात पेट्या बाहेर काढून ओळीने मांडल्या. सातही पेट्या एकसारख्या. सातही पेट्यांवर एकच नाव : ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’. मुलांपैकी एकाने धीर करून विचारले, “फादर, तुम्ही गेम खेळता?” दुसऱ्याने लगेच विचारले, “पण एकच गेम सात वेळा कशाला?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सेमिनरीत असताना संध्याकाळच्या घंटेपर्यंत मी खराखुरा फुटबॉल पुष्कळ खेळलो. पडद्यावरचा फुटबॉल मात्र मला कधी जमला नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी हसून टाळले. धर्मगुरूने मुलांचे प्रश्न टाळू नयेत, विशेषतः उत्तर देताना स्वतःचा एखादा अपराध सांगावा लागणार असेल तेव्हा. म्हणून ते उत्तर आज येथे लिहीत आहे.

प्रथम त्या खेळाविषयी. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात चेल्म्सफर्ड नावाचे गाव आहे. तेथील जॉन हेअर आणि ख्रिस येट्स या दोन तरुण मित्रांनी १९८६ साली ‘सेन्सिबल सॉफ्टवेअर’ ही लहानशी कंपनी काढली. त्यांचा ‘सेन्सिबल सॉकर’ हा खेळ १९९२ साली आला आणि त्याचीच विस्तारलेली आवृत्ती म्हणजे १९९४ सालचा ‘सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर’. तो प्रथम निघाला तो अमिगा नावाच्या घरगुती संगणकासाठी. गंमत अशी की अमिगा बनवणारी कमोडोर ही कंपनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत निघाली होती. म्हणजे कर्ता पुरुष गेल्यावर त्या घरात जन्मलेले हे लेकरू.

पडद्यावर मैदान वरून दिसते, एखाद्या घारीला दिसावे तसे. खेळाडू मुंग्यांएवढे. सारा खेळ एका दांड्यावर आणि एका बटणावर. बटण हलके दाबले की चेंडू सहकाऱ्याकडे जातो, दाबून धरले की जोराचा फटका बसतो. आणि चेंडू हवेत असताना दांडा एका बाजूला झुकवला की तो वाटेत वळतो. त्याआधीच्या बऱ्याच खेळांत चेंडू खेळाडूच्या पायाला चिकटल्यासारखा राही. येथे तो सुटा असे. वळण घेताना पाय चुकला की चेंडू आपला पुढे निघून जाई. खरा फुटबॉल खेळलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळते.

पण या खेळाची खरी श्रीमंती मैदानाबाहेर होती. त्यात जगभरचे सुमारे १५०० संघ आणि सुमारे २७,००० खेळाडू भरलेले होते, आणि हे सारे प्रत्येकी ८८० किलोबाइटच्या दोन फ्लॉप्यांत. खेळणाऱ्याने एखाद्या संघाचा व्यवस्थापक व्हायचे, खेळाडू विकायचे, विकत घ्यायचे, आणि एकेक हंगाम पुढे सरकत संघ वर न्यायचा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याची किंमत पौंडांत लिहिलेली असे. अशी कारकीर्द जास्तीत जास्त २० हंगामांची. ती एका बैठकीत संपणे शक्य नसल्यामुळे मुले आपला डाव एका वेगळ्या फ्लॉपीवर साठवून ठेवीत आणि तिच्या कागदी पट्टीवर आपले नाव लिहीत. ही वेगळी फ्लॉपी वाचकांनी लक्षात ठेवावी.

२००३ साली मी रोममध्ये शिकत होतो. तेथे शिकणारे आम्ही धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातील निरनिराळ्या धर्मग्रामांत जात असू. तेथील धर्मगुरू रजेवर गेले की मिस्सा आणि इतर सेवा आम्ही सांभाळायच्या. त्या वर्षी मला एसेक्समधील एका लहान गावी पाठवण्यात आले. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी तेथे दर उन्हाळ्यात जुन्या वस्तूंची विक्री होई. लोक घरातली नको असलेली भांडी, पुस्तके, खेळणी आणून देत आणि धर्मग्रामातील स्त्रिया त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावीत. त्या शनिवारी एक बाई आजारी पडल्या आणि खेळण्यांचे टेबल माझ्याकडे आले.

एक विधवा बाई दोन पिशव्या घेऊन आल्या. वय साधारण पंचावन्न. “माझ्या मुलाच्या वस्तू आहेत, फादर,” एवढेच म्हणून त्या गेल्या. मुलगा मोठा होऊन नोकरीसाठी कोठे दूर गेला असावा, असे मी गृहीत धरले. पिशवीत काही पुस्तके होती, एक स्कार्फ होता आणि या खेळाची पेटी होती. पेटी उघडून मी आतले सामान मोजले. छापील पट्टीच्या दोन फ्लॉप्या, एक माहितीपुस्तिका, आणि तिसरी एक फ्लॉपी, तिच्यावर निळ्या शाईने एका मुलाचे नाव, ‘कोलचेस्टर’ हा शब्द आणि ‘हंगाम १४’. पेटीवर मी आधी एक पौंडाची चिठ्ठी लावली होती. ते हस्ताक्षर पाहिल्यावर वस्तू वापरलेली आहे, जरा कमी करावी, असा विचार करून मी ती चिठ्ठी काढली आणि पन्नास पेन्सची लावली. अर्ध्या तासात रेनकोट घातलेल्या एका अनोळखी गृहस्थाने पेटी घेतली, नाणे माझ्या हातावर ठेवले आणि तो निघून गेला.

सोमवारी सकाळच्या मिस्सेनंतर त्या बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी उभ्या होत्या. पेटीतली एक फ्लॉपी काढून घ्यायची राहिली होती. ती मिळेल का, असे त्यांनी विचारले. तेव्हा मला कळले की त्यांचा मुलगा १९९६ साली रक्ताच्या कर्करोगाने वारला होता. तो सोळा वर्षांचा होता. हा खेळ त्याला १९९४ च्या नाताळात मिळाला, आणि आजारपणाच्या वर्षांत तो बिछान्यात उशीला टेकून तोच खेळत असे. त्याने जवळच्या कोलचेस्टर युनायटेड या तळच्या गटातल्या संघाचे व्यवस्थापकपद घेतले होते. आईला फुटबॉलमधले काही कळत नसे; पण ती शेजारी विणकाम घेऊन बसे. खेळाडू विकायची वेळ आली की तो विचारी, कोणाला विकू? “ज्याचे नाव ऐकायला गोड वाटे त्याला ठेव म्हणून मी सांगायचे,” त्या म्हणाल्या, “आणि तो ऐकायचा. त्यामुळे त्याचा संघ बरेचदा हरायचा.”

पेटी विकली गेली, असे मी त्यांना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काही हरकत नाही, फादर.” इंग्रज माणसे हे वाक्य फार सहज बोलतात. मला मात्र पट्टीवर वाचलेले ‘हंगाम १४’ हे शब्द दिसत होते. वीसांपैकी सहा हंगाम उरले होते.

दोन रविवार मी मिस्सेच्या शेवटी विनंती केली, सूचनाफलकावर चिठ्ठी लावली. काही उपयोग झाला नाही. मग मी स्वतःच शोधायला लागलो. तेथे धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने असतात, आणि रविवारी मोकळ्या मैदानांत लोक मोटारींच्या डिक्या उघडून घरातले सामान विकायला बसतात. अशाच एका मैदानात तिसऱ्या आठवड्यात मला ती पेटी दिसली. दोन पौंड देऊन मी ती घेतली आणि दोन पावले बाजूला जाऊन उघडली. आत तिसरी फ्लॉपी होती, पण हस्ताक्षर दुसऱ्याच कोणाचे. तरीही पेटी परत करणे मला जमले नाही. माझ्या संग्रहाची ही पहिली पेटी.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत दोन मिळाल्या. वसईला परतल्यावर इंटरनेटवरच्या लिलावांत मी नजर ठेवू लागलो. लंडनला असलेली आपल्या धर्मग्रामातली कुटुंबे नाताळला गावी येताना पेटी घेऊन येत. शेवटची, सातवी पेटी २०१६ साली आली. पहिली दोन पौंडांची होती. सातवीला पंचवीस पडले.

या वाटेवर मी एका अनोळखी व्यापाराचे नियम शिकलो. जुने खेळ जमवणारे लोक आधी पेटीचे कोपरे पाहतात, मग तिची कड उन्हाने फिकी पडली आहे का ते पाहतात. आतले सारे कागद शाबूत हवेत, फ्लॉप्या चालत्या हव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तूवर कोणी काही लिहिलेले नसावे. ज्याने हे मला शिकवले तो गृहस्थ सज्जन होता; “फादर, मुलाने नाव घातले की किंमत अर्धी झाली म्हणून समजा,” असे त्याने मला समजावले. मी मान डोलावली. हा नियम शिकण्याआधीच मी तो पाळला होता, अगदी अचूक, एका पौंडाचे पन्नास पेन्स करून.

या व्यापाराचे टोक २०२१ साली दिसले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची कधीच न उघडलेली एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना लिलावात गेली. तो खेळ दुर्मीळ नाही. लाखो मुलांनी तो खेळला आहे. किंमत मिळाली ती ज्या प्रतीला एकाही मुलाचा हात लागला नाही तिला. ही बातमी वाचताना मला मत्तयच्या शुभवर्तमानातील तो चाकर आठवला, ज्याने मालकाने दिलेले धन जमिनीत पुरून जसेच्या तसे परत केले. आजच्या बाजारात तो चाकर हुशार ठरला असता.

फुटबॉलच्या खेळांना मात्र असे भाग्य क्वचितच लाभते. ‘फिफा’ या नावाने १९९३ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी नवा खेळ निघत राहिला आणि नवा आला की जुना जवळजवळ कवडीमोल होई, कारण त्यातले खेळाडू संघ बदलत, म्हातारे होत. या नियमाला आमची पेटी थोडा अपवाद आहे. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हेन्री लोवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जतन करण्याजोग्या दहा संगणकीय खेळांची यादी केली, तीत फुटबॉलचा हा एकच खेळ होता. विद्वानांनी त्याला मान दिला याचा मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचा संशयही आला. माझ्या शोधाशी या मानाचा काय संबंध होता?

येथे मला माझ्या अपराधाचा दुसरा भाग सांगितला पाहिजे. २०११ साली मी त्या बाईंना नाताळच्या भेटकार्डासोबत सविस्तर पत्र लिहिले. मी अजून शोधतो आहे, पाच पेट्या झाल्या आहेत, एक ना एक दिवस ती फ्लॉपी मिळेल, असे कळवले. त्यांचे उत्तर फेब्रुवारीत आले. त्यांनी लिहिले होते की तो संगणक त्यांनी केव्हाच टाकून दिला होता. फ्लॉपी मिळाली असती तरी ती चालवता आली नसती. मुलाचे हस्ताक्षर असलेल्या वस्तू फार थोड्या उरल्या होत्या, म्हणून ती हवी होती. नंतर त्यांना त्याची एक शाळेची वही मिळाली. शेवटी लिहिले होते, “मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितले होते, फादर. आता यावर पैसे खर्च करू नका.”

मी त्यानंतरही दोन पेट्या घेतल्या.

कबुलीजबाबाच्या खुर्चीत बसून मी पंचवीसहून अधिक वर्षे लोकांना पापक्षमा देत आलो आहे. प्रायश्चित्त सांगताना ते मोजके असावे, पुरे करता येण्याजोगे असावे, हे आम्हांला सेमिनरीत शिकवले जाते. ते दुसऱ्याने सांगायचे असते, स्वतः ठरवायचे नसते, यालाही कारण आहे. स्वतः ठरवलेल्या प्रायश्चित्ताला शेवट नसतो आणि हळूहळू त्याची गोडी लागते. शोध कोठे संपला आणि संग्रह कोठे सुरू झाला हे मला सांगता येणार नाही. पण लिलावातली पेटी पाहून मी फ्लॉपीच्या आधी पेटीचे कोपरे पाहू लागलो होतो, हे मला आठवते. त्या माउलीने सॅक्रिस्टीच्या दारातच क्षमा केली होती. क्षमा फुकट घेण्याचा कमीपणा मला सोसला नाही, म्हणून मी तिची किंमत पौंडांत चुकवत राहिलो.

लूकच्या शुभवर्तमानातील नाणे हरवलेल्या स्त्रीचा दाखला मी अनेकदा समजावून सांगितला आहे. दहांपैकी एक नाणे हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. या पेट्यांमुळे त्या दाखल्यातली एक साधी गोष्ट मला उशिरा दिसली. हरवलेले नाणे उरलेल्या नवांहून मोलवान नव्हते. बाजारात दहाही नाण्यांची किंमत सारखीच. ते दुर्मीळ नव्हते, कोरे नव्हते. ते तिचे होते आणि हरवले होते, एवढेच. देव आपल्याला शोधतो तो या रीतीने, आणि आपल्यावर आयुष्याने जे काही लिहिले असेल त्यासकट शोधतो. ख्रिस्तसभेला हे हिशेब पूर्वीपासून ठाऊक आहेत. संतांनी अंगावर घातलेले, हाती धरलेले असे काही आपण जपून ठेवतो ते वापरलेले असते म्हणूनच. आणि पवित्र अवशेषांची विक्री करण्यास १९८३ च्या धर्मसभा-संहितेतील कलम ११९० ने साफ मनाई केली आहे. एसेक्समधल्या त्या मुलाला कोणी संत म्हणणार नाही. पण त्याच्या आईपाशी ती फ्लॉपी कोणत्या कप्प्यात राहिली असती हे मी ओळखायला हवे होते.

फ्लॉपी ही फार नाशवंत वस्तू. आतल्या पातळ चकतीवर चुंबकीय पदार्थाचा लेप असतो आणि अक्षरे त्यात साठतात. काळाबरोबर ती पुसट होतात. वसईच्या दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. माझा पुतण्या संगणक क्षेत्रात आहे. अमिगाची फ्लॉपी नेहमीच्या संगणकाला वाचता येत नाही, तिची लिपीच वेगळी. त्यासाठी जुन्या ड्राइव्हला जोडायची एक लहानशी पाटी मिळते. २०२२ साली त्याने ती मागवली, बुरशी पुसली, आणि सातही पेट्यांतले जेवढे वाचता आले तेवढे उतरवून घेतले. सातांपैकी चार पेट्यांत मुलांनी साठवलेल्या डावांची तिसरी फ्लॉपी होती. त्यांतली एक पूर्ण गेली होती. उरलेल्या तीन उघडल्या.

एकाचा डाव तिसऱ्याच हंगामात थांबला होता. दुसऱ्याने सर्व वीस हंगाम पुरे केले होते. तिसऱ्याने स्वतःचाच एक संघ तयार केला होता. त्यातले खेळाडू म्हणजे त्याचे वर्गमित्र असावेत, कारण सगळी नावे साधी, घरगुती होती. गोलरक्षकाचे नाव होते ‘डॅड’. पुतण्या हसला. म्हणाला, “काका, या तिसऱ्या फ्लॉप्या पुसून कोऱ्या केल्या तर पेट्या जास्त किमतीला जातील.” मी नको म्हणालो. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत असतील. कोठे आहेत, कशी आहेत, मला माहीत नाही. ज्यांची आठवण कोणी शोधत नसेल, त्यांचीही कोणी तरी ठेवावी एवढेच मला वाटले. नोव्हेंबरात मृतांच्या नावांची यादी वाचली जाते तेव्हा मी त्या मुलाचे नाव मनात घेतो. २०१९ पासून त्याच्या आईचेही घेतो. मग जिवंतांसाठीच्या प्रार्थनेत ही पट्टीवरची नावेही मनातल्या मनात घेतो.

भिंतीची दुरुस्ती झाली तेव्हा मी त्या वेदीसेवकांना बोलावून ही सारी हकिकत सांगितली. पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर तो खेळ लावून दिला. मुलांनी कोलचेस्टर घेतले. पहिला सामना ०–५ असा हरले आणि खूप हसले. निघताना सर्वांत धाकट्याने एक पेटी उचलून विचारले, “फादर, हिच्यावर आमची नावे लिहू?” मोठ्याने त्याला दटावले, “अरे, किंमत कमी होईल ना!”

मी टेबलाचा खण उघडला आणि त्यांना पेन दिले.